म्हातारी गाय आधी

आमच्या आबांना घराबाहेर बसवून ठेवायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. ती माझ्या लेकीने केली. आबा म्हणजे माझे सासरे. ऐंशी कधीच ओलांडलेले, पण आवाज असा की गोठ्यातून हाक मारली तर पेरूच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली, राहात्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, आणि तान्हीला घेऊन घरात पाऊल टाकायच्या आधीच तिने दारातून सांगून टाकलं, "बाळाच्या डॉक्टरांनी बजावलंय. ज्यांनी फ्लूची लस घेतली नसेल त्यांनी हिला हात लावायचा नाही. लांबून बघायचं."

मी आणि हे, म्हणजे आमचे मालक, दोघांनी दवाखान्यातच घेऊन टाकली होती. लेकीने स्वतः गरोदरपणातच घेतली होती, धनुर्वाताच्याही घेतल्या होत्या. राहिले फक्त आबा. त्यात त्यांना दर हिवाळ्यात खोकला धरतो, आणि हिवाळा तर तोंडावर आलेला.

"आबा, उद्या जाऊन घेऊन या," लेक म्हणाली.

आबा म्हणाले, "बघू."

आमच्याकडे आबांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

आता आबांचं काय पणाला लागलं होतं तेही सांगते, म्हणजे गंमत कळेल. पणतवंड मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यावर सोन्याची फुलं उधळायची आपल्याकडे रीत आहे. फुलं उधळली की त्याचा संसार भरून पावला, वरची वाट मोकळी झाली असं समजायचं. लेकीला सातवा महिना लागला तसे आबा एकटेच सोनाराकडे जाऊन चिमुकली फुलं घडवून घेऊन आले. पानाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवली. रोज सकाळी डबी उघडायची, फुलं बघायची, बंद करायची. "येकदा फुलं पडली अंगावर की मी मोकळा," असं येईल त्याला सांगायचे. दूध घ्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालासुद्धा सांगितलं असेल.

मुलगी झाली तेव्हा शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी बोललीच, "लेकीच्या लेकीला कुटं असत्यात का फुलं? पनतू पायजे."

आबा म्हणाले, "फुलं माज्या डोक्यावर पडनारेत, तुज्या न्हाई."

तर अशी सगळी तयारी, आणि मांडीवर घ्यायचीच बंदी. बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलेलं. तोवर काहीतरी मार्ग निघेल असं आम्हाला वाटत होतं. आबांनी आपला मार्ग काढला. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीबाहेर त्यांनी पेरूचं एक रिकामं क्रेट पालथं घातलं, त्यावर घोंगडी टाकली आणि बसले. सकाळी धारा काढून झाल्या की क्रेटवर. दुपारी जेवण झालं की क्रेटवर. गजांतून आत बघत तिथून हुकूम सोडायचे. "तिचं टकुरं झाका." "येवडी उचकी लागलीय, पानी पाजा की थेंबभर." पाणी पाजायचं नाही म्हणून लेक आतून ओरडायची, ते बाहेरून तिच्या शिक्षणाचा उद्धार करायचे. खोकला आला की मात्र उठून पार गोठ्यापर्यंत जायचे, तिथे खोकून यायचे आणि पुन्हा बसायचे. ते बघून मला वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. एक सुई टोचून घ्यायला काय जातंय या माणसाचं?

बरं, आबा लसीच्या विरुद्ध असते तर गोष्ट वेगळी. त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत, जुन्या पैशाएवढे गोल. लहानपणी देवी टोचणारा गावात आला की पोरांना जोंधळ्याच्या कडब्यात लपवायचे. आबा आणि त्यांचा चुलतभाऊ एकाच गंजीत लपलेले. कडब्याचं कुसळ नाकात गेलं, आबांना शिंक आली आणि ते सापडले. भाऊ गप बसून राहिला. पुढे देवी आल्या तेव्हा त्याचं सगळं तोंड भरलं आणि एक डोळा गेला. "त्यो माज्यापरीस चांगला लपला हुता," एवढंच आबा म्हणतात. माझ्या लेकरांच्या वेळी मी कचरत असले तरी पोरांना काखोटीला मारून उपकेंद्रात घेऊन जाणारे आबाच होते. गोठ्यात पत्रा लागला, विळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला स्वतः चालत जातात. त्याला ते लस मानतच नाहीत. "ते विंजेक्शन हाय," म्हणतात. लस म्हणजे लेकरांची, नाहीतर जनावरांची.

त्यामुळे मला कोडं पडलं. हे म्हणाले, "वय झालं, भीती वाटत असेल सुईची." मला ते पटलं, आणि तिथेच मी चुकले.

माझं माहेर खर्ड्याचं. तिकडे पाऊस कमी, त्यामुळे आमची तोंडंही जरा कोरडवाहूच असतात. एका संध्याकाळी आबा क्रेटवर बसलेले, तान्ही आत रडत होती आणि ते बाहेरून गजांवर बोटांनी ठेका धरून तिला गप करायला बघत होते. माझा संयम सुटला. हातात धुरीचं भांडं होतं, तेही लेकीने आत आणू दिलं नव्हतं म्हणून मी आधीच चिडलेली. मी म्हटलं, "आबा, जन्मभर जनावरं टोचून घेतलीत, आमची पोरं टोचून घेतलीत. स्वतःवर आलं की शेपूट घालताय? एवढे भित्रे असाल असं वाटलं नव्हतं मला."

सून सासऱ्याला असं बोलत नाही, आमच्याकडे तर नाहीच. आबांनी माझ्याकडे बघितलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गोठ्याकडे निघून गेले. रात्री जेवले, पण माझ्याकडे भाकरी मागितली नाही, स्वतः उठून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणाले, "जरा जास्तच बोललीस." मी म्हटलं, "कळतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. लाळ-खुरकुताची लस द्यायची होती. आमच्या गोठ्यात हा कार्यक्रम आबांच्या पद्धतीनेच होतो, त्यात डॉक्टरसुद्धा काही बोलत नाहीत. पद्धत अशी, की आधी म्हातारी गाय टोचायची. आमची एक जुनी जर्सी आहे, आता दूध जवळजवळ बंदच, पण आबा तिला विकू देत नाहीत. तिला मधोमध आणायचं, सगळ्या गाईंना दिसेल असं उभं करायचं. आबा तिच्या कपाळावर हात ठेवून कानात काहीतरी बोलतात. ती शांत उभी राहते, सुई जाते, ती वैरणीला तोंड लावते. मग बाकीच्या गाई उधळत नाहीत. एखादी कालवड आधी टोचली तर सगळा गोठा दावी तोडतो, हे आम्ही एकदा करून बघितलेलं आहे आणि डॉक्टरांच्या पायावर त्याची खूण आहे.

त्या दिवशीही सगळं तसंच झालं. मी चहा घेऊन गेले तेव्हा आबा टोचलेल्या गाई त्यांच्या वासरांपासून सोडवून लांब, चिंचेखाली बांधत होते. वासरं हंबरत होती. हे मी दर वेळी बघत आले होते, पण कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं म्हणून विचारलं, "लांब कशाला बांधताय आबा?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "टोचलेली गाय दोन दिस वासराला लावायची नसती. दूध कमी येतं, अंग तापतं. अंगात औषिद भिनल्यालं असतं तिच्या. रोगाचंच असतंय ना ते? वासराला बाधलं तर?"

डॉक्टर चहाचा घोट घेत हसले. "आबा, किती वर्षं सांगतोय, काही बाधत नाही. दूध एक-दोन दिवस कमी होतं, खरं आहे. पण वासरू पिऊ दे खुशाल."

"तुमी सांगताय," आबा म्हणाले, "पन वासरू माजं हाय."

मी तिथेच कप हातात घेऊन उभी राहिले. खिडकीबाहेरचं क्रेट माझ्या डोळ्यासमोर आलं. खोकला आला की गोठ्यापर्यंत चालत जाणारे आबा आले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही म्हणून लस घेत नव्हता?"

आबांनी दावं घट्ट केलं. मग म्हणाले, "आन मंग? मला टोचलं म्हंजी मला ताप येनार, ते अंगात भिननार. मंग मी तिला कसं घेऊ? आन घेतलं आन तिला काय झालं तर? येवडीशी हाय ती. लांबून बघितली तर काय न्हाई हुनार तिला. माजं काय, मी बसतो की भाईर."

फुलांची डबी रोज उघडणारा माणूस हे बोलत होता. मांडीवर घेतल्याशिवाय फुलं उधळत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं, की बारशालाही खिडकीबाहेरच बसायचं. आणि मी त्यांना भित्रे म्हटलं होतं. मला रडूच आलं. मी पदर तोंडाला लावला, आणि डॉक्टर बिचारे गाईच्या कानातला बिल्ला उगाच तपासत बसले.

मग मी नाक पुसून म्हटलं, "कपडे बदला. राहात्याला जायचंय. तुमचं म्हणणं मोठ्या डॉक्टरांना विचारू. ते म्हणाले बाधतं, तर मी स्वतः तुमच्यासाठी दुसरं क्रेट आणते, गादीचं."

"आज गाई टोचल्यात, धारंला मी पायजे."

"धारा हे काढतील."

"त्येला वासरं ऐकत न्हाईत."

"आबा," मी म्हटलं, "गोठ्यात आधी कुणाला टोचायचं असतं?"

आबांनी म्हाताऱ्या गाईकडे बघितलं. मिशीत कुठेतरी हसू फुटलं असावं, कारण ते टोपी शोधायला आत गेले.

राहात्याच्या दवाखान्यात आठवडे बाजाराची गर्दी होती. आमचा नंबर येईपर्यंत आबांनी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला पणतीची सगळी हकिगत सांगितली. आत गेल्यावर डॉक्टरांपुढे त्यांनी आपला प्रश्न सरळ मांडला. गाय, वासरू, चिंच, सगळं. डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले असावेत, कारण ते हसले नाहीत. त्यांनी आबांची छाती तपासली, मग सांगितलं की या लसीतलं औषध मेलेलं असतं, त्यातून कुणाला रोग लागत नाही, ना घेणाऱ्याला ना मांडीवरच्या बाळाला. हात दुखेल, फार तर एखादा दिवस कणकण वाटेल. अंगात ताकद यायला मात्र दोनेक आठवडे लागतात, म्हणून बारशाच्या आधी आत्ताच घ्या. "तिची स्वतःची फ्लूची लस तिला सहा महिन्यांची होईपर्यंत देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तोवर तिची लस म्हणजे तुम्हीच. घरातली मोठी माणसं."

हे वाक्य आबांना फार आवडलं. नंतर कितीतरी दिवस ते मला ऐकवत होते, जणू मी तिथे नव्हतेच.

"आणि तुमच्या वयाला न्यूमोनियाचीही घ्यायला हवी," डॉक्टर पुढे म्हणाले. "फ्लूची तर दरवर्षी. लस काही लहानपणी संपत नाही. मुलांची वेगळी, वयात येणाऱ्यांची वेगळी, गरोदर बाईची वेगळी, म्हाताऱ्यांची वेगळी."

आबांनी बाही वर केली. देवीच्या वणांच्या जरा वर नवी सुई गेली, आणि आबा समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत बसले. हूं नाही की चूं नाही. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवावा की काय असं मला एकदा वाटून गेलं, पण तेवढा आगाऊपणा त्या आठवड्यात परवडण्यासारखा नव्हता.

मी उठले तेवढ्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला साखर आहे ना, ताई? न्यूमोनियाची तुम्ही घेतलीय?"

मी म्हटलं, "मी पुढच्या खेपेला येते. पेरू तोडायला बाया आल्यात, उशीर होतोय."

माझ्या मागून आबांचा गोठ्यातला आवाज आला. "बस खाली. म्हातारी गाय झाली, आता दुसरी आना."

दवाखाना हसला. बाहेर बसलेली मघाची बाईसुद्धा दारातून डोकावून हसली. मी बसले. माझ्या तोंडून मात्र 'आई गं' निघालंच, आणि आबांनी ते घरी जाऊन सगळ्यांना करून दाखवलं.

पुढचे दोन दिवस आबा खिडकीपाशीही आले नाहीत. गोठ्यापलीकडे चिंचेखाली बाज टाकून झोपले. डॉक्टरांवर विश्वास होता, पण खात्री करून घ्यायची होती म्हणे. तिसऱ्या दिवशी आपला हात वर-खाली करून बघितला, कपाळाला स्वतःच हात लावून बघितला, आणि पुन्हा क्रेटवर येऊन बसले. आता मात्र ते क्रेटवर दिवस मोजत बसायचे. डॉक्टरांनी सांगितलेले दोन आठवडे त्यांनी लेकीपेक्षा कडक पाळले. एकदा ती स्वतःच म्हणाली, "आबा, या आता आत, एक दिवसाने काय होतंय?" तर म्हणाले, "डाक्टरनी सांगितलंय त्येच्यात तुजं नगं."

बारशाला मांडव नव्हता, ओसरीतच केलं. आबांना पाटावर बसवलं. नवं धोतर, नवी टोपी, हात साबणाने इतक्या वेळा धुतलेले की बोटं सुरकुतली होती. लेकीने तान्हीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी तोवर शेकडो वासरं उचलली असतील, आमची सगळी पोरं खेळवली असतील, पण हिची मान कशी धरायची हे त्यांनी लेकीला दोनदा विचारलं. ती झोपेत होती. तिने तोंड वाकडं केलं, एक डोळा उघडला, त्यांच्या मिशीकडे बघितलं आणि पुन्हा झोपली.

मी डबी उघडली. आम्ही सगळ्यांनी एकेक करून फुलं उधळली, मोगऱ्याच्या पाकळ्यांत मिसळून. आबांनी वर बघितलंच नाही. एक तळवा तिच्या चेहऱ्यावर छत्रीसारखा धरून बसले, फूल डोळ्याला लागू नये म्हणून. मग हे म्हणाले, "आबा, झालं. फुलं पडली. आता मोकळे तुम्ही."

आबा म्हणाले, "हळू बोल, ती निजलीया." डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तळवा तिथेच होता, त्यामुळे पुसता येईना. मीच माझ्या पदराने पुसलं. त्या संध्याकाळच्या बोलण्यानंतर आम्ही दोघं बोलत होतो, पण खरा समेट तेव्हा झाला असं मी मानते.

बारशानंतर थोड्याच दिवसांत तान्हीची दीड महिन्याची लस आली. उपकेंद्रात सगळ्या वस्त्यांवरच्या आया पोरं घेऊन जमल्या होत्या. लेक पुण्यात मोठमोठ्या माणसांशी भांडते, पण तिथे तिचा चेहरा उतरला होता. "मी नाही धरणार तिला, आई," म्हणाली. मी हात पुढे केले, तर आबांनी ते बाजूला सारले आणि बाकावर बसले. तिला मांडीवर घेतलं. तिच्या कपाळावर अंगठा ठेवला आणि कानाशी वाकून काहीतरी बोलू लागले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. गाईलाही काय सांगतात ते कधी ऐकू आलेलं नाही.

नर्सबाईंनी मांडीत सुई दिली. तान्हीने असा सूर लावला की बाहेर बांधलेलं बोकड उठून उभं राहिलं. आबा डुलत राहिले. थोड्या वेळाने ती हुंदके देत शांत झाली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण धरून बसली.

"आज ताप येईल, घाबरू नका, तापाचे थेंब दिलेत ते द्या," नर्सबाई लेकीला सांगत होत्या. "दूध पाजत राहायचं. आता पुढची महिन्याने."

"आन त्येच्यापुडं?" आबांनी विचारलं.

"मग साडेतीन महिन्यांची, नवव्या महिन्याची, दीड वर्षाची. मग पाचव्या वर्षाची."

"आन मंग?"

नर्सबाईंना पुढची पोरं टोचायची होती, पण त्या हसल्या. "मग दहाव्या वर्षी, आजोबा. आणि सोळाव्या."

आबांनी मान हलवली. "दहाव्याला मीच आनतो हिला. आन सोळाव्याला बी."

लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले. मीच थट्टा केली. "आबा, फुलं पडली की मी मोकळा, असं सगळ्या गावाला सांगत होतात ना?"

आबांनी तिच्या मुठीतून बटण सोडवायचा प्रयत्न केला. ती सोडेना, तसा त्यांनी तो नाद सोडून दिला.

"आता कुटला मोकळा?" ते म्हणाले. "हिच्या लशी ऱ्हायल्यात अजून."